साउंडच्या सामानाला विजेपासून संरक्षण कसं द्याल?

सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात मी भजनं आणि दशावतारातली पदं ध्वनिमुद्रित करतो. मिरगाच्या एका संध्याकाळी बुवांचं भजन रंगात आलं होतं. अचानक दिवे डोळे दिपवतील एवढे पेटले, पंखा सुसाट सुटला आणि मिक्सरमधून जळका वास आला. वायरमनने खांबावर चढून पाहिलं, तर न्यूट्रल सुटली होती. मिक्सर सर्ज प्रोटेक्टरच्या बोर्डावर असूनही त्याचा पॉवर सप्लाय जळला.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: वीज चढणं, वीज उसळणं आणि वीज जाणं ही तीन वेगळी संकटं आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

वीज चढते ती बहुधा न्यूट्रल तुटल्यावर. मग वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांत गुंततात आणि ज्याच्याकडे लोड कमी, त्याच्याकडे 230 चे व्होल्ट 400 च्या दिशेने चढतात. सर्ज प्रोटेक्टर क्षणार्धाच्या उसळीसाठी असतो; हा मारा चालूच राहिला की तो स्वतःच जळतो. इथे हवा तो मेन बोर्डात बसवायचा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो पुरवठाच तोडतो.

उसळीसाठी सर्ज प्रोटेक्टर जरूर घ्या, पण आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगच नसेल तर उसळीला जमिनीत जायची वाट उरत नाही. आमच्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. त्यात पाणी घालत राहावं लागतं. प्रोटेक्टरवरचा संरक्षणाचा दिवा विझला असेल, तर सॉकेट चालू असलं तरी तो बदला. आभाळ दाटून येऊ लागलं की मात्र यंत्रांच्या भरवशावर राहू नका. गडगडाट सुरू होण्याआधीच सगळे प्लग काढा, इंटरनेटची तांब्याची केबलसुद्धा.

वीज जाते तेव्हा कामाला येतो यूपीएस. त्यावर कॉम्प्युटर, ऑडिओ इंटरफेस आणि हार्ड डिस्क एवढंच ठेवा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असली तरी अ‍ॅडाप्टरवर चालणारा इंटरफेस बंद पडतो आणि टेक जातो. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर यूपीएसवर लावू नका. मोठ्या आवाजाला तो एकदम जास्त करंट ओढतो आणि ओव्हरलोड झालेला यूपीएस सगळंच बंद करतो. विकत घेताना व्हीएवर जाऊ नका, वॅट वाचा: 600 व्हीएचे बरेच यूपीएस जेमतेम 360 वॅट देतात. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साउंडच्या सामानात गुणगुण येते, म्हणून प्युअर साइन वेव्हच घ्या. लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षं टिकते, उकाड्यात त्याहून कमी. म्हणून अधूनमधून मेन बंद करून ती किती वेळ तग धरते ते पाहा.

एक गोष्ट जिवाची आहे. स्पीकरमधून हम (सतत गुणगुण) येतो म्हणून अर्थची पिन कापू नका. शॉक लागून माणूस जाऊ शकतो. सगळं सामान एकाच बोर्डावर घ्या, तरी हम राहिला तर ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवा: आधी अर्थिंग, मग व्होल्टेज प्रोटेक्टर, त्यानंतर सर्ज प्रोटेक्टर आणि शेवटी यूपीएस. नवा मायक्रोफोन यानंतर घ्या.