मूठभर मातीची परीक्षा



मृगाचा पाऊस पडून धानाच्या बांध्यांत नांगर फिरला, म्हणजे बपेऱ्याकडील मुलें शाळेंत येतांना खिशांतून कांहींतरी घेऊन येतात. एखादें जुनें खापर, एखादा काळा जड दगड, क्वचित् एखादा मणी. "गुरुजी, हें किती जुनें आहे?" हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो.

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एकदां देतां आलें नाहीं, आणि तो दोष सर्वस्वीं आमचाच होता. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें बोडी खोल करतांना सांपडलेल्या वस्तु आणून दिल्या: कांहीं खापरें, लोखंडाच्या कीटाचा एक गोळा, आणि एका खापराच्या तळाशीं चिकटलेल्या मातींत थोडासा कोळसा. वस्तु स्वच्छ दिसाव्यात म्हणून आम्हीं त्या घासून धुतल्या. कोळसा मातीबरोबर वाहून गेला. खापरें कपाटांत गेलीं. त्यांवर चिठ्ठी मात्र लागली नाहीं. पुढें एका जाणत्या संशोधकांस तीं दाखविलीं, तेव्हां त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, "कोणत्या जागीं? किती खोलीवर?" तो विद्यार्थी तोंपर्यंत शाळा सोडून गेला होता. आम्ही निरुत्तर झालों. जी वस्तु हजार गोष्टी सांगूं शकली असती, ती आमच्या हातून मुकी झाली.

पुराणवस्तुसंशोधन हें केवळ पगारी पंडितांचें काम आहे असें मानूं नये. आपल्या वऱ्हाड-नागपूर प्रांतांत ह्या विद्येचा पाया हौशी मंडळींनींच घातला. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास मिशनरी म्हणून आले. शाळा चालवितां चालवितां ते खडक, जीवाश्म व प्राचीन शिलावर्तुळें यांचाहि अभ्यास करीत. १८६३ सालच्या सप्टेंबरांत टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहून परततांना पुरानें भरलेल्या नाल्यांत त्यांचा अंत झाला. त्यांचें एक वैशिष्ट्य लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आपल्यास जें परीक्षितां येत नसे, तें ते तज्ज्ञांकडे पाठवीत. मांगली येथील एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी अशीच इंग्लंडला गेली, आणि रिचर्ड ओवेन ह्या विख्यात शास्त्रज्ञानें तिचें वर्णन करून तिला शास्त्रीय नांव दिलें. शोधणारा एक, परीक्षिणारा दुसरा. ज्ञान मात्र दोघांच्या सहकार्यानें झालें.

आतां परीक्षा म्हणजे काय, तें पाहूं. कोळशाचेंच उदाहरण घेऊं. जिवंत वनस्पति हवेंतून कार्बन घेते, व त्यांत कार्बन-१४ चा अत्यल्प अंश असतो. वनस्पति मेली कीं नवा कार्बन येणें थांबतें, आणि असलेला कार्बन-१४ सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला अंश मोजला म्हणजे काळ कळतो. विलर्ड लिबी यांनीं १९४९ सालीं ही पद्धति प्रसिद्ध केली, व १९६० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत अशी प्रयोगशाळा निघाली. पुढें तें काम अहमदाबादेस गेलें. पूर्वीं परीक्षेस कांहीं ग्रॅम कोळसा लागे. आतां त्वरणकयंत्राच्या साह्यानें एका जळक्या तांदळाच्या दाण्यावरहि काम भागतें. जुन्या तुळईच्या कोळशाहून असा दाणा अधिक विश्वसनीय. कारण तुळईचें झाड दोनशें वर्षांचें असूं शकतें, दाणा मात्र एकाच हंगामाचा असतो. आपला जिल्हा धानाचा आहे. येथें धान केव्हांपासून पिकतें, ह्या प्रश्नाचें उत्तर कदाचित् अशाच एका दाण्यांत असेल.

परंतु परीक्षेस पैसा लागतो. तो उत्खननाच्या खर्चाच्या मानानें अगदीं थोडा, पण हौशी माणसाच्या खिशाच्या मानानें जड असतो. म्हणूनच लहान अनुदानांचें महत्त्व मोठें आहे. ब्रिटनमधील रॉयल आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूटनें टोनी क्लार्क ह्या संशोधकाच्या नांवें एक निधि ठेवला आहे. त्यांतून पुरातत्त्वीय काम व कालनिर्णय यांसाठीं लहान रकमा दिल्या जातात. मोठें उत्खनन अशा रकमेंत होत नाहीं. पण पूर्वींच झालेलें काम एका परीक्षेवांचून अडलें असेल, तर तें पूर्ण होतें.

अशी मदत मागणाऱ्यानें चार गोष्टी आधीं सिद्ध ठेवाव्यात. पहिली, नेमका प्रश्न. 'हें जुनें आहे काय?' हा प्रश्न नव्हे. 'हें कीट येथेंच लोखंड गाळल्याचें आहे काय?' हा प्रश्न होय. दुसरी, नमुन्याची जागा, खोली व तारीख यांची लेखी नोंद. तिसरी, परीक्षा करण्यास प्रयोगशाळेची संमति व खर्चाचा आकडा. चौथी, निकाल प्रतिकूल आला तरी प्रसिद्ध करण्याचें वचन. ह्यांतील दुसरी गोष्ट नसेल तर बाकीच्या तिन्ही व्यर्थ. नांगरलेल्या शेताच्या वरच्या थरांतील कोळसा गेल्या वर्षीं जाळलेल्या धसकटांचाहि असूं शकतो; प्रयोगशाळा त्याचें वय अचूक सांगेल, आणि आपण मात्र फसूं.

परीक्षेनें काय साधतें हें पाहावयाचें तर नागपूर जिल्ह्यांतील नाईकुंड पाहा. तेथें १९७० च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननांत लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी सांपडली. तिच्याजवळचें कीट पाहून सामान्य माणूस म्हणेल, हा निरुपयोगी दगड. पण त्या कीटानेंच शिलावर्तुळें उभारणाऱ्या लोकांच्या धातुविद्येची साक्ष दिली.

पैसा अगदींच नसेल तर काय करावें? गोमंतकांत जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पेशानें गणिती. नाणें हातोहात फिरतांना झिजतें, जितकें अधिक फिरेल तितकें हलकें होतें, एवढ्या साध्या तत्त्वावर त्यांनीं प्राचीन आहत नाणीं अचूक तराजूंत तोलून, गणिताच्या आधारें त्यांचा कालक्रम लावण्याचा मार्ग दाखविला. एक चांगला तराजू आणि अपार चिकाटी, एवढेंच त्यांचें मुख्य भांडवल.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. परवानगीवांचून कोठेंहि खणूं नये. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणें, जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणें बंधनकारक आहे. विहीर किंवा बोडी खणतांना कांहीं दिसलें तर काम थोडें थांबवावें, वस्तु जागेवरून न हलवितां नोंद करावी, आणि जाणत्यांस बोलवावें. खणणें हें त्यांचें काम. पाहणें व लिहून ठेवणें हें आपलें.

शेवटीं पालकांस एक विनंति. माजी विद्यार्थी व पालक यांनीं मिळून शाळेंत एक लहानसा निधि उभारावा, वर्षास एकाच नमुन्याच्या परीक्षेपुरता. तो मिळावा अशा विद्यार्थ्यास, ज्याची नोंदवही पूर्ण असेल व ज्याचा नमुना तज्ज्ञांनीं परीक्षेस योग्य ठरविला असेल. आमच्याकडील नालायक नोंदीस त्यांतून एक पैसाहि मिळूं नये! तीं धुतलेलीं खापरें अजून आमच्या कपाटांत आहेत. त्यांजवर आतां आम्हीं चिठ्ठी लावली आहे: 'जागा अज्ञात.' मुलांनो, तुमच्या एकाहि चिठ्ठीवर हे दोन शब्द लिहिण्याची पाळी तुमच्यावर न येवो.