दूरचे जवळ आणणारे भिंग

ताडोबाच्या तळ्याकाठी दिवस उगवत आहे. धुक्यातून चितळांचा एक कळप पाण्यावर येतो. नर थबकतो, मान उंचावतो, कान टवकारतो. छायाचित्रकार त्याच्यापासून ५० मीटरांवर आहे. त्याने आणखी चार पावले पुढे टाकली, तर कळप उधळेल आणि तहानलेलाच परत जाईल.

साध्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर बहुधा ५० मिलिमीटर असते. एक मीटर उंचीच्या चितळाची प्रतिमा इतक्या दुरून त्यात केवळ १ मिलिमीटर उंचीची पडते. कॅमेऱ्यातील चौकट २४ मिलिमीटर उंचीची. तीत हा चितळ म्हणजे मोहरीचा दाणाच! भिंग ४०० मिलिमीटरांचे घेतले, की तीच प्रतिमा ८ मिलिमीटरांची होते. अशा भिंगास टेलिफोटो भिंग म्हणतात.

परंतु प्रतिमेबरोबर हाताचा कंपही आठपट होतो. म्हणून हे भिंग हाती धरले असता शटर सेकंदाच्या चारशेव्या भागाहून अधिक वेळ उघडे ठेवू नये, असा संकेत आहे. मग एवढ्याशा वेळात प्रकाश यावा कसा? वन्य पशू तर बहुधा पहाटे नि सांजवेळीच बाहेर पडतात! ‘एफ २.८’ जातीचे भिंग ‘एफ ५.६’ भिंगाच्या चौपट प्रकाश आत घेते. पण ४०० मिलिमीटरांच्या भिंगात त्यासाठी पुढची काच सुमारे १४३ मिलिमीटर रुंद लागते. ते तीन किलोग्रॅमच्या आसपास भरते आणि त्याची किंमत लाखांच्या घरात जाते. नवशिक्याला हलके ‘एफ ५.६’ भिंगच बरे. तांदूळ भरलेली कापडी पिशवी जीपच्या कठड्यावर ठेवून तीवर ते टेकवले, की कंप पुष्कळ कमी होतो. कॅमेरा मागाहून निवडावा. तो मंद प्रकाशात स्वच्छ चित्र देणारा व कमी आवाजाचा असला, म्हणजे झाले.

एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने संयुक्त प्रांतातील अरण्यांत निराळीच युक्ती योजिली होती. वाघाच्या वाटेवर तो तार ताणून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला, की लखकन उजेड पडे आणि चित्र निघे. वाघाने आपले छायाचित्र आपणच काढावे, अशी ही गंमत! त्याचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, हे अशा चित्रांवरून पडताळता आले.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र अंतराला फारच महत्त्व आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कोणी फार जवळ गेले, की ती ओरडत उडते आणि वैशाखाच्या उन्हात अंडी उघडी पडतात. जाणता छायाचित्रकार लांब भिंग घेऊन दूर झुडपाआड बसतो. थोड्या वेळाने टिटवी पाणवठ्याकडून येते, चहूकडे पाहते आणि पोटाची भिजलेली पिसे पसरून अंड्यांवर बसते.