चुणीदार कापडी चकती : सुईकामाचा पहिला पाठ

(इयत्ता चौथी व पाचवी, तासिका ३)

वर्धा येथे १९३७ साली मांडल्या गेलेल्या शिक्षणयोजनेने हाताच्या कामास शिक्षणाचे माध्यम मानले. तथापि सुईकामाचा आरंभ रुमालाच्या किनारीपासून केल्यास वाकडा पडलेला प्रत्येक टाका नजरेत भरतो व मूल नाउमेद होते. चकतीत टाके चुण्यांत लपतात. म्हणून पहिल्या पाठास ती अधिक योग्य होय.

साहित्य : पातळ सुती कापड, सुई, दोरा, कात्री, खडू व वाटी.

माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत जुने लुगडे सहसा टाकून दिले जात नाही. ते वाकळेत जाते. ‘घरून कापड आणा’ ही सूचना म्हणून विचारपूर्वक द्यावी. ज्या घरी वाकळेलाच चिंधी पुरत नाही, तेथील मूल त्या दिवशी शाळा चुकवील. शिक्षकांनी गावच्या शिंप्याकडील कातरण स्वतः मागून आणावी व सर्वांस सारखी वाटावी. मुलगे व मुली यांस एकच काम द्यावे.

कृती :
१. वाटी पालथी ठेवून सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखावे व कापावे.
२. सुमारे १ मीटर दोरा ओवून दुहेरी करावा व टोकास गाठ मारावी.
३. कापडाची उलटी बाजू वर धरून कड अर्धा सेंटिमीटर आत दुमडावी व दुमडीवरून धावदोरा घालीत जावे.
४. आरंभाच्या टाक्यापाशी आल्यावर दोरा हळूहळू ओढावा, चुण्या सारख्या कराव्या, पक्की गाठ मारावी व चकती तळहाताने दाबावी.

नेहमीची चूक : नीटनेटकेपणाच्या हौसेने मुले अगदी बारीक टाके घालतात. त्यामुळे चुण्या पुष्कळ पडतात, मध्यभागी दाटी होते व भोक मिटत नाही. टाका सुमारे पाऊण सेंटिमीटर असावा.

समवाय : दुमडीनंतर वर्तुळाचा व्यास ९ सेंटिमीटर उरतो. कड मध्यबिंदूपाशी येत असल्याने तयार चकती सुमारे साडेचार सेंटिमीटरची होते. हे आधी सांगू नये. मुलांनी मोजपट्टीने मोजून कारण शोधावे. इंग्लंडमध्ये हीच चकती सफोक परगण्याच्या नावाने ओळखली जाते, हे भूगोलाच्या तासास नकाशावर दाखविता येईल.

मूल्यमापन : चकतीच्या देखणेपणास गुण देऊ नयेत. मुलाने सुई स्वतः ओवली काय, गाठ स्वतः मारली काय, तुटलेला दोरा पुन्हा जोडून काम तडीस नेले काय, एवढेच पाहावे. सर्वांच्या चकत्या कडेला कड जोडून वर्गाच्या दारास एकच तोरण करावे. तासिका संपताच सुया मोजून घ्याव्या. एकही कमी असल्यास वर्ग सोडू नये.