गरोदरपणातील चक्कर : साधी कोणती, धोक्याची कोणती?

‘दिवस गेले की चक्कर यायचीच, त्यात काय एवढे?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. गरोदरपणातील बहुतेक वेळची चक्कर साधी असते व थोडी काळजी घेतल्यास आटोक्यात राहते. परंतु काही वेळा पोटातील रक्तस्राव, तीव्र रक्तक्षय किंवा वाढलेला रक्तदाब यांची ती खूण असते. म्हणून चक्कर केव्हा येते आणि तिच्याबरोबर आणखी काय होते, याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे.

चक्कर का येते?

गर्भ राहिल्यावर संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैल पडतात व रक्तदाब थोडा उतरतो. मधल्या महिन्यांत तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी अंथरुणातून झटकन उठल्यास किंवा रांगेत बराच वेळ उभे राहिल्यास रक्त पायांत साचते, मेंदूचा पुरवठा क्षणभर कमी पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ऊन, कोंदट खोली व कढत पाण्याचे स्नान यांनी त्यात भर पडते.

दुसरे कारण उपाशी पोट. सकाळच्या उलट्यांमुळे अन्न नकोसे होते, त्यात सर्वांची जेवणे झाल्यावर सुनेने जेवायचे ही पद्धत! दर दोन-तीन तासांनी थोडे खावे. भाकरी, भिजवलेले शेंगदाणे, फळ, ताक, काहीही चालेल. निर्जळी उपवास या काळात करू नयेत.

तिसरे कारण उताणे झोपणे. पाचव्या महिन्यानंतर गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळील मोठ्या शिरेवर पडतो व हृदयाकडे परतणारे रक्त अडते. घाम फुटतो, जीव घाबरा होतो. कुशीवर, शक्यतो डाव्या, वळताच आराम पडतो.

चौथे व सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये तो आढळला. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असल्यास उपचार हवेत. ७ च्या खाली गेल्यास रुग्णालयातच दाखवावे. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या रोज घ्याव्यात. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, लोह नीट शोषले जात नाही. शौचास काळी होते, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत.

मान वळवताच किंवा कूस बदलताच घर फिरल्यासारखे वाटत असेल, तर तो दोष बहुधा कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागाचा असतो. त्यावर दुकानातून परस्पर गोळी आणू नये. गरोदरपणात कोणते औषध चालेल हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

चक्कर आल्यास

आहे तेथेच ताबडतोब खाली बसावे. इजा चकरेने नव्हे, पडण्याने होते. शक्य असल्यास डाव्या कुशीवर आडवे व्हावे, कपडे सैल करावेत, खिडकी उघडावी. पूर्ण शुद्धीवर आल्यावरच पाणी व काही खायला द्यावे. बेशुद्ध स्त्रीच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये.

चकरेचा त्रास असणाऱ्या स्त्रीने सकाळी आधी उठून बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे, मग उभे राहावे. न्हाणीघराला आतून कडी लावू नये. विहिरीवर एकटीने जाऊ नये, डबे काढण्यासाठी स्टुलावर चढू नये, दुचाकी चालवू नये.

या खुणा दिसल्यास थांबू नये

पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत चकरेबरोबर ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, जोराने दुखणे हे गर्भ नळीत राहिल्याचे लक्षण असू शकते. नळी फुटल्यास रक्तस्राव पोटातच होतो, बाहेर फारसे रक्त दिसतही नाही. येथे तासांचा उशीरही जिवावर बेततो.

पाचव्या महिन्यानंतर चकरेबरोबर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली दुखणे, चेहऱ्यावर सूज, किंवा १४०/९० वा त्याहून अधिक रक्तदाब असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यातूनच पुढे झटके येतात.

अंगावरून रक्त जाणे, छातीत दुखणे किंवा धडधडणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे, पोटात पाणीही न ठरणे, बाळाची हालचाल मंदावणे किंवा पूर्ण शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘सकाळी पाहू’ म्हणू नये.

साधी चक्करही पुढच्या तपासणीत डॉक्टरांना जरूर सांगावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी रक्तदाब, हिमोग्लोबिन व लघवी तपासून घ्यावी. सासूबाईंनी किंवा पतीने बरोबर जावे. चक्कर आल्याचे सून संकोचाने सांगत नाही. घरच्यांनीच आपुलकीने विचारले, तर वेळीच इलाज होतो.