शस्त्रक्रियेनंतरची सागरसफर : ‘जाऊ का, डॉक्टर?’ या प्रश्नाचे उत्तर

मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला पूर्वीचे डॉक्टर औषधाबरोबर ‘हवापालट’ही लिहून देत असत. आपल्या सीमाभागातील सधन कुटुंबे त्यासाठी आंबोली, पन्हाळा किंवा महाबळेश्वर गाठीत. समुद्रही आपल्याला परका नव्हता. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्ले. घाट उतरून गेलेला माल आणि माणसे तेथूनच गलबताने मुंबईस जात. आज हवापालटाचे स्वरूप बदलले आहे. २०१८ साली मुंबई-गोवा अशी पर्यटनबोट सुरू झाली. ती पुढे टिकली नाही. परंतु २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी निघू लागल्या आणि ‘क्रूझ’ हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. मुले पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात असतात. आईवडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त वा लग्नाच्या वाढदिवसानिमित्त ती तिकिटे काढून मोकळी होतात. मध्येच आईचा गुडघा बदलावा लागतो किंवा वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन होते. मग टाके काढण्याच्या दिवशी, दारातून बाहेर पडता पडता, प्रश्न येतो : “जाऊ का, डॉक्टर?”

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ‘जा, काही होत नाही’ आणि ‘मुळीच नको’ ही दोन्ही उत्तरे विचार न करता देता येतात. या लेखात तिसऱ्या, म्हणजे विचारपूर्वक द्यावयाच्या उत्तराचा ऊहापोह करावयाचा आहे.

इतिहासातील एक सागरप्रवास

वैद्यकीय व्यवसायातील मराठी मंडळींना एक सागरप्रवास विसरता येणार नाही. डॉ. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूकही झाली होती. निपाणीपासून हे ठिकाण तासाभराच्या अंतरावर आहे. क्षयाने खालावलेली प्रकृती घेऊन त्या त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बोटीत बसल्या आणि नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या. कोल्हापूरचे पद त्यांना स्वीकारता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा आजार समुद्राने निर्माण केला नव्हता, आणि तो शस्त्रक्रियेनंतरचा प्रवासही नव्हता. पण समुद्राची हवा आजाऱ्याला आपोआप बरे करते, हा त्या काळचा समज किती अपुरा होता, हे यावरून ध्यानात यावे. बोटीवर आपण जे शरीर घेऊन चढतो, तेच आपल्याबरोबर प्रवास करते.

तिसऱ्या आठवड्याचे कोडे

सर्वसामान्य समज असा की टाके निघाले म्हणजे शस्त्रक्रिया संपली. हा समज अर्धाच खरा आहे. त्वचा जुळून आली तरी आतील ऊतींना वेळ लागतो. तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळ ताकदीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी असते. ती ऐंशी टक्क्यांपर्यंत जाण्यास सुमारे तीन महिने लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट रक्ताच्या गुठळीची. पायाच्या खोल शिरांत रक्त साकळते, गुठळी सुटून फुप्फुसात जाते आणि चालता-बोलता माणूस कोसळतो. ब्रिटनमधील सुमारे साडेनऊ लाख मध्यमवयीन स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दर १४० जणींत एकीला पुढील बारा आठवड्यांत या विकारासाठी पुन्हा दाखल व्हावे लागले अथवा मृत्यू आला. गुडघा वा खुबा बदललेल्यांत हे प्रमाण ४५ जणींत एक होते. शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांत, तेवढ्याच काळात, ते ६,२०० जणींत एक एवढेच होते. आणि हा धोका सर्वांत अधिक केव्हा होता? पहिल्या दिवशी नव्हे, तर तिसऱ्या आठवड्यात.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. तिसऱ्या आठवड्यात टाके निघालेले असतात, वेदना ओसरलेली असते, भूक लागू लागते, घरच्यांचा धीर वाढतो. प्रवासाची हौस याच वेळी जागी होते. ज्या दिवसांत रुग्णाला सर्वांत बरे वाटू लागते, नेमक्या त्याच दिवसांत आतला धोका शिखरावर असतो. या प्रश्नाचे सारे मर्म येथे आहे.

धोका बोटीत की बोटीपर्यंतच्या वाटेत?

बोटीवर माणूस हिंडू-फिरू शकतो, आडवा होऊ शकतो. त्या दृष्टीने बोट ही बस वा विमानापेक्षा बरी. पण निपाणी-बेळगावच्या प्रवाशाला मुंबईचा धक्का गाठण्यासाठी आधी नऊ-दहा तासांचा रस्ता तुडवावा लागतो. बहुतेक जण रात्रीची स्लीपर बस पसंत करतात. नुकत्याच पोटाच्या शस्त्रक्रियेतून उठलेल्याने शिडीवरून वरच्या बर्थवर चढणे, खड्ड्यांचे हिसके सोसणे, लघवीला उतरावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी न पिणे, हे सारे गुठळीला आमंत्रणच आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, लंडनवर बाँबवर्षाव सुरू असताना लोक रात्र रात्र तळघरांत खुर्च्यांवर बसून काढीत. फुप्फुसात गुठळी जाऊन होणारे मृत्यू एकाएकी वाढल्याचे डॉ. कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या ध्यानात आले. खुर्चीच्या कडेने मांडीमागच्या शिरा दाबल्या जात होत्या. गंमत अशी की त्या खुर्च्या बोटीच्या डेकवर असतात तशाच कापडी होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानेही हेच दाखविले की चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास हा धोका साधारणतः दुप्पट होतो. वाहन विमान असो, आगगाडी असो की बस. निरोगी माणसात मूळ धोकाच अत्यल्प असल्याने त्याची चिंता नको. शस्त्रक्रिया झालेल्यात मात्र आधीच वाढलेल्या धोक्यावर ही भर पडते.

म्हणून रस्ता टाळता येत नसेल तर तो तोडावा : दिवसा निघावे, कोल्हापूर, सातारा, पुणे असे थांबत जावे, दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे, पाणी पीत राहावे. शक्य असल्यास सांबऱ्याहून विमानाने जाणे किंवा गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघणारी सफर निवडणे अधिक श्रेयस्कर.

घाटवाटेचा एक विशेष मुद्दा. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत कधी कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा ठेवतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. गोव्यात वा मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतलेला रुग्ण चोर्ला वा आंबोली घाटाने वर येतो तेव्हा तो वायू प्रसरण पावतो आणि डोळ्यातील दाब वाढू शकतो. विमानात हा परिणाम कित्येक पटींनी अधिक. बुडबुडा पूर्ण विरेपर्यंत, म्हणजे वायूच्या प्रकारानुसार दोन ते आठ आठवडे, विमान वर्ज्य. घाट चढण्यापूर्वीही नेत्रतज्ज्ञांना विचारलेच पाहिजे.

बोटीवर गेल्यानंतर

प्रथम ‘बोट लागणे’. निरोगी माणसाला ओकाऱ्या म्हणजे केवळ त्रास. पण पोटाचे टाके ताजे असतील, हर्नियाची जाळी नुकती बसविली असेल, तर प्रत्येक ओकारीबरोबर पोटातील दाब जखमेवर आदळतो. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके मळमळ वाढवितात. बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते, वृद्ध पुरुषांची लघवी अडते आणि तोल जातो. जून ते सप्टेंबर हा खवळलेल्या अरबी समुद्राचा काळ टाळावा. बोटीच्या मध्यभागातील, खालच्या मजल्यावरील खोली घ्यावी.

दुसरे, संसर्ग. एका छताखाली दोन-तीन हजार माणसे राहतात, जेवतात. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला आलेल्या बोटीवर ६६ जण कोरोनाबाधित आढळले होते. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस तर अशा बोटींचा जुना सोबती. हाताला चोळावयाच्या अल्कोहोलच्या द्रवाने तो पुरेसा मरत नाही; साबण-पाण्यानेच हात धुवावेत. जुलाबाने शरीरातील पाणी घटले की गुठळीचा धोका आणखी वाढतो, हे विसरू नये.

तिसरे, पाणी. जखम पूर्ण भरून खपली पडेपर्यंत तरणतलावात वा समुद्रात उतरू नये. मधुमेही आणि यकृताचे विकार असलेल्यांत समुद्राच्या पाण्यातील काही जंतू जखमेतून शिरून जिवावर बेततात.

चौथे, चढ-उतार. लक्षद्वीपच्या बेटांजवळ मोठी बोट समुद्रातच उभी राहते आणि प्रवाशांना हलणाऱ्या लहान होडीत उतरून किनारा गाठावा लागतो. नव्या गुडघ्याने हे पाऊल टाकावयाचे म्हणजे केलेल्या शस्त्रक्रियेवर पाणी सोडण्यासारखे आहे.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, मदतीचे अंतर. मोठ्या बोटीवर डॉक्टर, परिचारिका, ईसीजी, प्राणवायू आणि प्राथमिक उपचार असतात. पण ते रुग्णालय नव्हे. तेथे रक्तपेढी नाही, मोठी शस्त्रक्रिया होत नाही. लक्षद्वीपची बेटे कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर दूर आहेत आणि तेथील अत्यवस्थ रुग्णांनाही कोचीलाच हलवावे लागते. बेळगावात रात्री दोन वाजता जे अर्ध्या तासात होते, त्याला तेथे कित्येक तास लागतात.

दिवस कसे मोजावेत?

विमान-वैद्यकातील प्रचलित मार्गदर्शन असे : मोतीबिंदूनंतर एक दिवस, पोटाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस, छातीच्या वा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस विमानप्रवास टाळावा. मात्र ही मुदत दोन-चार तासांत विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशासाठी आहे. भर समुद्रात चार-पाच दिवस राहणाऱ्यासाठी ती पुरेशी नाही. तेथे कसोटी वेगळी हवी : ‘या शस्त्रक्रियेचा उशिरा होणारा गंभीर उपद्रव कोणता, तो कधीपर्यंत होऊ शकतो, आणि त्या दिवशी रुग्ण कोठे असेल?’

या कसोटीने आमच्या मते पुढील मुदती सुचवाव्यात :

१. मोतीबिंदू : साधारण एक महिना, डोळ्यात पाणी जाऊ न देणे आवश्यक.

२. दुर्बिणीतून केलेले पित्ताशय वा अपेंडिक्स : गुंतागुंत नसल्यास चार आठवडे.

३. मूळव्याध व प्रोस्टेट : या शस्त्रक्रियांनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून सहा आठवडे.

४. हर्निया किंवा पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया : किमान सहा ते आठ आठवडे, स्वतःची बॅग स्वतः उचलू नये.

५. गुडघा, खुबा आणि हृदयाची बायपास : तीन महिने.

कर्करोगाचे रुग्ण, पूर्वी गुठळी झालेले, अतिस्थूल व्यक्ती आणि धूम्रपान करणारे यांच्यासाठी मुदत वाढवावी.

उदाहरणादाखल समजा, निपाणीचे तंबाखूच्या व्यापारातील एक ६२ वर्षांचे गृहस्थ आहेत. गुडघा बदलून आज वीस दिवस झाले, टाके निघाले, मुलाने पाच रात्रींची लक्षद्वीप सफर पंचविसाव्या दिवसासाठी ठरविली आहे. येथे उत्तर ‘तीन महिन्यांनी’ हेच. पण नुसते ‘नको’ म्हणून त्यांना घरी धाडू नये. प्रवासास अयोग्य असल्याचे प्रमाणपत्र तत्काळ द्यावे, म्हणजे तारीख बदलून घेणे किंवा विम्याची भरपाई मागणे सोपे जाते. नवी तारीखही आपणच सुचवावी. याउलट पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडे झालेल्या, रक्तदाब आटोक्यात असलेल्या गृहिणीला भीतीपोटी अडविणे हाही अन्यायच. तिला ‘अवश्य जा’ असे सांगावे आणि खालील शिदोरी बरोबर द्यावी.

बरोबर न्यावयाची शिदोरी

सीमाभागातील रुग्णाचे कागद तीन भाषांत असतात : केसपेपर इंग्रजीत, सरकारी कार्ड कन्नडमध्ये, घरच्यांची टिपणे मराठीत. बोटीवरील डॉक्टर बहुधा यांतील एकच वाचू शकतो. म्हणून एका पानाचा, टंकलिखित इंग्रजी सारांश द्यावा : शस्त्रक्रियेचे नाव व तारीख, बसविलेल्या कृत्रिम भागाचा तपशील, औषधांची मूळ नावे व मात्रा, ॲलर्जी, रक्तगट, ताजा ईसीजी, शल्यविशारदाचा दूरध्वनी क्रमांक. रुग्णाला मात्र मराठीत समजावून सांगावे की एका पायाला सूज वा पोटरीत दुखणे, धाप, छातीत कळ, ताप, जखमेतून स्राव, यांपैकी काहीही झाल्यास लाजू नये. बोटीवरील डॉक्टरला उठवावे. औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक आणि हातातल्या पिशवीत असावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चुकवू नयेत, मनाने वाढवूही नयेत. प्रवासविमा घेताना शस्त्रक्रिया लपवू नये. लपविलेल्या आजारावर विमा मिळत नाही.

शस्त्रक्रिया करावयाची ती माणसाने पुन्हा जगात हिंडावे, फिरावे म्हणूनच. समुद्र कोठे जात नाही. बोटी दर मोसमात निघतात. तिसऱ्या आठवड्यातील उत्साह तिसऱ्या महिन्यापर्यंत धीराने सांभाळला, तर तीच सफर अधिक सुखाची होईल. आपल्या रुग्णांना तेवढा धीर द्यावा, आणि वेळ आली की मोकळ्या मनाने निरोपही द्यावा : शुभास्ते पन्थानः सन्तु!