धार आणि शहाणपण
शास्त्रपाठ: उपदेशक 10:9-10


लाकूड फोडणाऱ्याला त्यातच धोका असतो आणि बोथट हत्याराला जास्त जोर लागतो, असे उपदेशक शिकवतो. शेतातल्या सागाची विरळणी करायला आदिवासी बांधवांना चेनसॉ द्यावा, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. मला वाटते, आधी तीन गोष्टी पाहाव्यात.

1. आकार: फूटभर जाडीच्या झाडाला 14 ते 16 इंची बार पुरतो. बारच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली, तर मशीन उसळून अंगावर येते. म्हणून चेन ब्रेक हवाच.

2. सोबतचा खर्च: हेल्मेट, पायांचे संरक्षण, गोल कानस आणि प्रशिक्षण. छिलक्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला, की धार लावावी.

3. कायदा: साग तोडायला 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे. तो माहीत नसेल, तर ठेकेदार कवडीमोलाने माल नेतो.

मननासाठी: मशीन देऊन सुरक्षा आणि माहिती दिली नाही, तर ते दान पूर्ण झाले का?