लकी ड्रॉचं कूपन भरलं आणि फोन सुरू झाले

प्रश्न : गंगापूर रोडवरच्या एका प्रदर्शनात लकी ड्रॉच्या कूपनवर नाव, मोबाइल नंबर लिहिला. तेव्हापासून प्लॉट आणि कर्जासाठी रोज फोन येतात. नवा डेटा संरक्षण कायदा हे फोन करणाऱ्यांना दंड करील का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आज तरी नाही. कायदा २०२३चा आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू व्हायच्या आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मात्र ती रक्कम सरकारजमा होईल, तुमच्या हाती भरपाई येणार नाही.

कायदा कागदावर कडक असून भागत नाही, नियामकाने तो वापरावा लागतो. युरोपात अशाच प्रकारचा कायदा २०१८पासून लागू आहे. तिथे आयर्लंडच्या नियामकाने २०२३मध्ये ‘फेसबुक’च्या ‘मेटा’ कंपनीला १२० कोटी युरोंचा दंड केला. आपला नियामक असलेल्या डेटा संरक्षण मंडळाची परीक्षा अजून व्हायची आहे.

तोवर १९०९वर ‘डीएनडी’, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी पसंती, नोंदवा. तरीही जाहिरातीचा फोन आला, तर सात दिवसांत नंबर, तारीख आणि मजकुरासह तिथेच तक्रार करा. पैशांची फसवणूक झाली, तर लगेच १९३०वर कळवा.

आणि पुढच्या कूपनवर मोबाइलचा रकाना कोराच ठेवा.